पिटातलं पदक

वयाची पंचाहत्तरी जवळ आली, की लोक माणसाला एक तर अध्यक्ष करतात, नाही तर परीक्षक. त्यातल्या त्यात अध्यक्ष होणं बरं. अध्यक्षाला हार घालतात. परीक्षकाला हार पत्करावी लागते. २०२५ च्या गणपतीत आमच्या कॉलनीतल्या पोरांनी मला परीक्षक केलं, आणि तेही चित्रपटांचा. चित्रपटकलेशी माझा संबंध म्हणाल तर तिकीट काढण्यापुरता, आणि खिडकी बंद झालेली असली तर तेच तिकीट ब्लॅकने घेण्यापुरता. पण परीक्षकाला विषयाची माहिती असावीच लागते असं थोडंच आहे!

त्याचं असं झालं. १ ऑगस्ट २०२५ ला एकाहत्तराव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची घोषणा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चार निवृत्त मंडळी नेहमीप्रमाणे फिरायला निघालो. नागपुरात सकाळी फिरायला निघालेला माणूस कुठल्याही दिशेने गेला तरी शेवटी तर्री-पोह्यांच्या ठेल्यावरच पोचतो. डॉक्टरने सांगितलं म्हणून चालायचं आणि चाललो म्हणून खायचं, असा हा जमाखर्चाचा चोख हिशेब आहे.

ठेलेवाला प्लेटा भरता भरता म्हणाला, "भाऊ, शाहरुखले भेटला ना मंग शेवटी पुरस्कार! तेहतीस वर्षं झाले, काम करून राहिला बिचारा."

ज्या माणसाच्या बंगल्याबाहेर रोज जत्रा भरते, त्याला नागपूरच्या एका पोहेवाल्याने 'बिचारा' म्हणावं, यातच या विषयाची सगळी गंमत आहे. पण आमच्या सरांना ती दिसली नाही. सर म्हणजे आमचे शेजारी, मराठीचे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"'जवान'साठी? राष्ट्रीय पुरस्कार? मग उद्या साहित्य अकादमी 'कालनिर्णय'ला देऊन टाका! खप त्याचाच जास्त आहे."

"सर, तर्री टाकू का?" ठेलेवाल्याने विचारलं.

"नको. मी नुसतेच पोहे खातो."

नागपुरात राहून पोह्यांवर तर्री न घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. सरांच्या मते तर्री हा पोह्यांचा व्यावसायिक भाग आहे.

वाद तिथे संपला असता. पण आमच्या वरच्या मजल्यावरची इंजिनिअरिंगला असलेली मुलगी सायकल थांबवून ऐकत होती. संध्याकाळी ती गणपती मंडळाची दोन पोरं घेऊन दारात हजर. "आजोबा, यंदा आपण कॉलनीचे मराठी चित्रपट पुरस्कार ठेवून राहिलो. प्रत्येक घराने एक नाव चिठ्ठीवर द्यायचं. परीक्षक तीन. तुम्ही, सर आणि मी. जो चित्रपट पहिला येईल तो अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री मांडवात पडद्यावर दाखवायचा. आणि ज्यांनी नाव सुचवलं त्यांना संत्रा बर्फी."

मी 'हो' म्हणालो. कारण नाही म्हणण्याआधी बर्फीचा उल्लेख झाला होता.

आता माझी पात्रता सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी तक्रार करायला नको. माझी पिढी नागपूरच्या टॉकीजमध्ये वाढली. त्या काळी मे महिन्यात आमच्याकडे चित्रपटाची पहिली गुणवत्ता म्हणजे टॉकीजचा कुलर. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत वाळ्याचा वास आणि अंधार. अशा वेळी पडद्यावर काय चाललंय हा दुय्यम प्रश्न असतो. मी एक चित्रपट तीन दुपारी पाहिला आणि त्याची गोष्ट मला अजून माहीत नाही, पण झोप उत्कृष्ट होती.

१९७१ साली 'सोंगाड्या' आला तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो आणि माझी जागा पिटात होती. पडद्याच्या इतकं जवळ, की दादा कोंडक्यांच्या चड्डीची नाडी प्रेक्षकाच्या नाकाला लागेल की काय असं वाटायचं. शिट्ट्या इतक्या, की पुढचा विनोद ऐकू येत नसे. तो ऐकायला लोक दुसऱ्या दिवशी परत येत. रौप्यमहोत्सव असेच होतात. दादांचे नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी झाले आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली, ती अशा बहिऱ्या प्रेक्षकांच्या जोरावर.

पुढे नोकरी लागली, चष्मा लागला आणि मी एका फिल्म सोसायटीचा सभासद झालो. तिथे रविवारी सकाळी परदेशी चित्रपट दाखवत. पहिली वीस मिनिटं एक माणूस खिडकीतून बाहेर बघतो आणि मग तो खिडकी बंद करतो, अशा प्रकारचे. त्यातले काही फार मोठे चित्रपट होते, हे मी आजही मानतो. बाकीच्यांना मी घाबरून मोठे म्हणत असे. १९७५ साली 'पांडू हवालदार' लागला तेव्हा सोसायटीच्या चर्चेला 'ताप आहे' असा निरोप धाडून मी लास्ट शोला गेलो. मध्यंतरात शेंगदाण्याच्या पुडीसाठी हात पुढे केला तर त्याच पुडीवर दुसरा हात. तो आमच्या सोसायटीच्या चिटणिसांचा.

दोघंही एकदम म्हणालो, "अभ्यासासाठी आलो होतो."

मध्यंतरानंतर आम्ही शेजारी बसून अभ्यास केला. चिटणिसांचा अभ्यास इतका जोरात चालला होता, की पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून पाहिलं. पण पुढल्या रविवारी सोसायटीत कुणीच या चित्रपटाचं नाव काढलं नाही. हसलो हे कबूल करायची आपल्या मध्यमवर्गाला एक विलक्षण लाज असते. रडून आलेला माणूस डोळे पुसत ऐटीत बाहेर पडतो. हसून आलेला मात्र शेजाऱ्याला 'बरा होता, टाइमपास' असं सांगून कपाळावर आठ्या चढवतो.

असो. बेचाळीस घरांतून एकेचाळीस चिठ्ठ्या आल्या. एका घरी कुलूप होतं. पैकी तेवीस चिठ्ठ्या 'अशी ही बनवाबनवी'च्या. 'श्वास' सहा. 'पिंजरा' चार. 'श्यामची आई' तीन. 'सैराट' तीन. एक 'सोंगाड्या'. ती चिठ्ठी फार बारीक घडी घालून दिलेली, आणि अक्षर आमच्या कॉलनीतल्या ऐंशी वर्षांच्या, रोज पोथी वाचणाऱ्या आजींचं. आणि एक चिठ्ठी 'शोले'ची.

"'शोले' मराठी आहे का?" सर कडाडले.

चिठ्ठीखाली बारीक अक्षरात खुलासा होता: 'संकलक मराठी आहे.'

खुलासा खरा होता. १९७५ चा 'शोले' संकलित केला तो एम. एस. शिंदे यांनी, आणि त्या वर्षी फिल्मफेअरने 'शोले'ला सगळं मिळून एकच पारितोषिक दिलं, ते याच संकलनाचं. पुढे २००५ साली त्याच फिल्मफेअरने 'शोले'ला पन्नास वर्षांतला सर्वोत्तम चित्रपट ठरवलं. म्हणजे त्या वर्षातला उत्तम नाही, पण अर्ध्या शतकातला सर्वोत्तम! आमच्याकडे दहावीत नापास झालेला पोरगा पुढे कारखाना काढतो आणि मग शाळा त्याला बक्षीस समारंभाला बोलावते, त्यातलाच हा प्रकार.

सरांनी निकाल तयारच करून आणला होता. "पहिलं पारितोषिक 'श्वास'ला. आणि लोकांचं मन मोडायला नको, म्हणून 'बनवाबनवी'ला एक खास लोकप्रियतेचं उत्तेजनार्थ."

मी मान डोलावणारच होतो. माझी मान तशी सवयीची आहे. पण 'खास' हा शब्द कानात खटकला. लग्नात वरपक्षाची पंगत आत मांडवात आणि ड्रायव्हर-बँडवाल्यांची पंगत बाहेर ओसरीवर, अशी पद्धत होती ना, तेव्हा बाहेरच्यांनाही असंच सांगत: तुमच्यासाठी खास वेगळी सोय केली आहे!

सरकारनेही हीच सोय केली. राष्ट्रीय पुरस्कारांत १९७५ सालच्या चित्रपटांपासून एक नवा विभाग सुरू झाला. निखळ मनोरंजन करणारा सर्वोत्कृष्ट लोकप्रिय चित्रपट. आता १९७५ म्हणजे 'शोले'चं वर्ष आणि आमच्या 'पांडू हवालदार'चंही. देशभर लोक खुर्च्यांवर उभे राहून शिट्ट्या मारत होते. अशा वर्षी निखळ मनोरंजनाचं पहिलंवहिलं पारितोषिक कुणाला मिळालं असेल? 'तपस्या' नावाच्या चित्रपटाला! थोरली बहीण भावंडांसाठी सगळ्या आयुष्याचा होम करते, अशी त्याची गोष्ट. चित्रपट चांगला होता; राखीने काम उत्तम केलं होतं; आमच्या घरच्या सगळ्या बायका दोन रुमाल घेऊन गेल्या आणि तिसरा माझा नेला. पण मनोरंजनाच्या दारात पहिला मान तपस्येला, हे आपल्या देशातच घडू शकतं. १९८८ साली याच विभागात 'कयामत से कयामत तक' निवडला गेला. त्यात शेवटी नायक-नायिका दोघंही मरतात. निखळ मनोरंजन!

उगाच खोटं बोलू नये. १९८७ चा, एकही संवाद नसलेला 'पुष्पक' याच विभागात निवडला गेला आणि २००३ चा 'मुन्नाभाई एमबीबीएस'ही. दोन्ही हसवणारे, दोन्ही अव्वल. २०१० साली 'दबंग'लाही हे पदक मिळालं, आणि त्यात निखळ काय होतं याचा शोध आम्ही अजून घेत आहोत. म्हणजे पंगत वेगळी मांडली की असं होतं. आत वाढायचं ते बाहेर जातं आणि बाहेरही नको होतं तेही पानावर येतं. कारण या पंगतीला बसायची अट चित्रपट चांगला असण्याची नसून तो चाललेला असण्याची आहे. आणि जो चालला त्याला 'चाललास' म्हणून पदक देणं म्हणजे जेवून उठलेल्याला ढेकर दिल्याबद्दल शाबासकी देण्यासारखं आहे.

तेव्हा मी सरांना म्हटलं, "सर, आपण आधी एक गोष्ट तपासून पाहू. चिठ्ठ्यांतले 'सोंगाड्या' आणि 'पिंजरा' जरा शेजारी ठेवा."

दोन्ही तमाशाचे. एक १९७१ चा, एक १९७२ चा. दोन्हींना अफाट गर्दी. 'पिंजरा' व्ही. शांतारामांचा, जर्मन 'ब्लू एंजल'च्या कथेवर बेतलेला. त्यात एक ध्येयवादी मास्तर तमासगिरिणीच्या मोहात पडतो, नाव घालवतो, गाव घालवतो आणि शेवटी स्वतःच्याच खुनाचा आरोपी होतो. 'सोंगाड्या'त एक भाबडा नाम्या तमाशाच्या नादी लागतो, आईचा रोष ओढवून घेतो, आणि तरी त्याचं काहीही वाईट होत नाही! 'पिंजरा'ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नाम्याला शिट्ट्या मिळाल्या.

डॉक्टर लागूंचा तो मास्तर मी विसरू शकत नाही. 'पिंजरा'चं पदक कुणी काढून घ्यावं असं माझं म्हणणं नाही. पण मला एक शंका आहे. तमाशा बघायला आपली हरकत नसते; शेवटी पश्चात्ताप झाला पाहिजे एवढीच आपली अट असते. दोन तास लावणी पाहायची आणि शेवटची दहा मिनिटं नायकाला शिक्षा भोगायला लावायची, म्हणजे आपण निर्दोष सुटतो. नाम्याने ती सोय ठेवली नाही. तो मजेत राहिला. मजेत राहिलेल्या माणसाला पदक देताना परीक्षकाचा हात कापतो.

"पण दादांच्या पुढच्या चित्रपटांचं काय?" सर म्हणाले. "नावं तरी मोठ्याने घेता येत होती का घरात?"

खरं आहे. माझ्या आईने त्यातल्या एका चित्रपटाला जायचं म्हणून रिक्षावाल्याला पत्ता सांगताना चित्रपटाचं नाव टाळून नुसतं 'त्या टॉकीजला' म्हटलं, आणि त्याने 'समजलं माय' म्हणून बरोबर नेऊन सोडलं. लोकप्रिय म्हणून सगळं चांगलं, असं म्हणणारा माणूस लोकांना ओळखत नाही. लोक पावसात आडोसा म्हणूनही टॉकीजमध्ये शिरतात. वाईट चित्रपटाला जात नसते. तो गल्ला भरणाराही असतो आणि खिडकीतून बाहेर बघणाराही असतो. पहिल्यात निदान मध्यंतर वेळेवर होतं, एवढाच फरक.

आता सरांनी हुकमी पान टाकलं. आवाज जरा खाली आणून म्हणाले, "तुम्ही थट्टा करा. पण 'श्वास' तुम्ही कधी पाहिलात?"

"२००४ साली. सुवर्णकमळ मिळाल्यावर."

"आधी का नाही?"

मी गप्प बसलो. कारण आधी मला तो माहीतच नव्हता. एक आजोबा, डोळ्यांचा कर्करोग झालेला नातू, आणि दृष्टी जाण्याआधी त्याला जग दाखवण्याची धडपड. असला चित्रपट कोण लावणार आणि कोण बघणार? पदकाने तो बघायला लावला. पुढे तो ऑस्करला गेला तेव्हा खर्चासाठी लोकांनी पैसे जमवले. 'कासव'चंही तेच. २०१७ च्या एप्रिलमध्ये सुवर्णकमळ जाहीर झालं आणि मग त्याच वर्षी ऑक्टोबरात तो पडद्यावर आला. "ज्याला प्रेक्षक आहे त्याला पदक कशाला?" सर म्हणाले. "पदक हा ऑक्सिजन आहे. तो धडधाकट माणसाच्या नाकाला लावून काय उपयोग? आणि सिलिंडर एकच आहे हो!"

एवढं बिनतोड बोलणं मी सरांच्या तोंडून प्रथमच ऐकलं. माझ्याजवळ उत्तर नव्हतं. उत्तर दिलं ते त्या मुलीने.

"सर, मग त्याला मदत म्हणा ना. मदत द्यायलाच पाहिजे. अनुदान द्या, टॉकीज द्या, टॅक्स माफ करा. पण पहिला नंबर कायले म्हणता? पहिला नंबर म्हणायचं तर सगळ्यांचे पेपर तपासावे लागतात ना."

आणि तिने 'सैराट'च्या तीन चिठ्ठ्या पुढे केल्या. २०१६ साली मार्चच्या शेवटी राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले, तेव्हा रिंकू राजगुरूला विशेष उल्लेख मिळाला. चित्रपट प्रदर्शित झाला एप्रिलच्या शेवटी. परीक्षकांनी पाहिला तेव्हा तो एक नवा मराठी चित्रपट होता, बस्स. महिनाभराने तो शंभर कोटींकडे धावू लागला आणि गावोगाव लोक टॉकीजमध्ये नाचले. हा एवढा चालणार आहे हे परीक्षकांना आधी कळलं असतं, तर त्यांनी त्या मुलीकडे त्याच नजरेने पाहिलं असतं का? त्याच नागराज मंजुळेंचा 'फँड्री' पुरस्कारांचा आणि 'सैराट' गल्ल्याचा, असं आपण मागून ठरवलं. पुढे हेच मंजुळे अमिताभ बच्चनना घेऊन आमच्या नागपुरात आले आणि इथल्या झोपडपट्टीतल्या फुटबॉलवर 'झुंड' केला. तो कुठल्या पंगतीला बसवायचा, ते अजून कुणाला कळलेलं नाही. माणूस एकच, कॅमेरा तोच. भिंत आपण घातली.

तसं पाहिलं तर भिंत पहिल्या दिवशी नव्हतीच. १९५४ साली राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं ते 'श्यामची आई'ला, आचार्य अत्र्यांच्या. तो चित्रपट काय रिकाम्या खुर्च्यांना दाखवला होता? उभा महाराष्ट्र रडला होता. फक्त एवढंच मनात येतं, की हेच अत्रे १९३८ साली 'ब्रह्मचारी' लिहून महाराष्ट्राला पोट धरून हसवून गेले होते. तेव्हा पदकच नव्हतं, हे खरं. पण असतं तरी मिळालं असतं, असं छातीवर हात ठेवून सांगाल?

शेवटी ठरलं, की खास-बिस काही नाही. पदक एक, टेबल एक. 'श्वास' आणि 'बनवाबनवी' दोन रात्री ओळीने पाहायचे आणि दोघांना एकच प्रश्न विचारायचा: बाबा रे, तू जे करायला निघालास ते किती चांगलं केलंस?

इथे मला एक खासगी गोष्ट सांगितली पाहिजे. ती मी त्या दोघांना सांगितली नाही. परीक्षकाने वशिला लावू नये. १९८९ साली आमची काकू गेली. काका तसेही मितभाषी, सरकारी कचेरीत हिशेब तपासण्यात आयुष्य गेलेले. काकू गेल्यावर ते बोलेनासेच झाले. जेवण वाढलं की जेवायचे, दिवा लावला की बसायचे. आठ महिने असे गेले. दिवाळीत पोरांसाठी भाड्याने व्हीसीआर आणला आणि 'बनवाबनवी'ची कॅसेट. दुःखाच्या घरात नको, असं मोठ्यांचं म्हणणं होतं, पण पोरांनी ऐकलं नाही. काका आतल्या खोलीत होते. लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन लुगडं नेसून घरमालकिणीसमोर आले तेव्हा कुणीतरी दारात उभं असल्याचं जाणवलं. खांद्यावर पंचा टाकून काका उभ्याने बघत होते. मग ते पोरांत खाली येऊन बसले. आणि अशोक सराफांनी धनंजय मान्यांचा तो एक संभावित चेहरा करून नुसता क्षणभर थांबा घेतला, तेव्हा काका हसले. अगदी खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग पंच्याने तोंड पुसून मला म्हणाले, "मागे घे रे जरा."

आठ महिन्यांत त्यांनी काही मागितलं असं ते पहिलंच.

तो थांबा केवढा होता? फार तर एक सेकंद. पाव सेकंद कमी झाला असता तर विनोद पडला असता. करुण प्रसंगात नट जरा चुकला तर आपण त्याला सांभाळून घेतो, कारण आपण रडायची तयारी करूनच आलेलो असतो. हसताना प्रेक्षक कुणाला सांभाळून घेत नाही. हे काम सोपं वाटतं, कारण ते करणाऱ्याने आपल्याला घाम दाखवलेला नसतो. 'विच्छा माझी पुरी करा', 'सोंगाड्या' आणि 'बनवाबनवी', तिन्हींमागे लेखणी वसंत सबनिसांची. तेवीस वर्षं हा माणूस महाराष्ट्राच्या तोंडी वाक्यं देत होता. बेर्डे २००४ साली गेले. अशोक सराफांना महाराष्ट्रभूषण आणि २०२५ साली पद्मश्री मिळाली, याचा आनंदच आहे. पण तो मान आयुष्याचा झाला. त्या एका सेकंदाचा हिशेब कुठल्या टेबलावर झाला?

तर आम्ही दोन्ही चित्रपट पाहिले. पहिल्या रात्री 'श्वास'. तिघांनीही चहा घेतला नाही. दुसऱ्या रात्री 'बनवाबनवी'. पहिला अर्धा तास सर वही-पेन घेऊन ताठ बसले होते. मग त्यांना खोकला येऊ लागला. तो खोकला इतका वाढला, की मुलीने पाणी आणलं. शेवटी सरांनी खोकल्याचं सोंग टाकलं आणि चष्मा काढून मोकळेपणाने हसले. मग चूक पकडल्यासारखे म्हणाले, "दाराचा वापर बघा हो! कोण कधी आत येतं, कोण कधी बाहेर जातं. एक माणूस चुकीच्या वेळी आला तर सगळं नाटक कोसळेल. आणि ही गोष्ट तर हृषिकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'वरून घेतलेली. पण काय मराठी करून टाकली आहे!"

मतदान झालं. चिठ्ठ्या उघडल्या. सरांचं मत 'बनवाबनवी'ला! आणि माझं, काकांची क्षमा मागून, 'श्वास'ला. मी मनापासून दिलं. त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर अरुण नलावड्यांनी जे केलं आहे, तेही एका सेकंदाचंच काम आहे. निर्णायक मत मुलीचं. तिने 'श्वास' निवडला. "बनवाबनवी मला पाठ आहे," ती म्हणाली. "पण आजोबा, 'श्वास' पाहून मी घरी गेल्यावर झोपलेल्या बाबांकडे बराच वेळ बघत बसले."

म्हणजे 'बनवाबनवी' हरला. पण ओसरीवरच्या पंगतीत पहिला येण्याऐवजी आतल्या पंगतीत एका मताने हरला. मला वाटतं, चालणाऱ्या चित्रपटांचा हक्क एवढाच आहे. पदक मिळालंच पाहिजे असं नाही. पेपर मात्र तपासला गेला पाहिजे. तपासून नापास केलं तरी चालेल. गर्दी दिसली म्हणून पहिल्या पानावर लाल रेघ नको आणि गर्दी दिसली म्हणून ग्रेस मार्कही नकोत.

ठरल्याप्रमाणे मांडवात 'श्वास' दाखवला. लोक हलले नाहीत. तो संपल्यावर पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग मागून त्या पोथीवाल्या आजींचा आवाज आला, "छान होता हो. आता ते मान्यांचं लावा." रात्री साडेअकराला 'बनवाबनवी' लागला आणि दीड वाजता पोलीस आले. तेही अर्धा तास उभे राहून गेले. अभ्यासासाठी.

दुसऱ्या दिवशी सरांना भाच्याकडे जायचं होतं. रिक्षावाल्याला ते म्हणाले, "सीताबर्डी. व्हरायटी चौक."

मी म्हटलं, "सर, चौकाला हे नाव कशावरून पडलं, आठवतं ना?"

व्हरायटी टॉकीज कधीच गेली. चौक मात्र अजून तिचंच नाव सांगतो. इतकी मोठमोठी माणसं या शहरात होऊन गेली, पण पत्ता सांगताना नागपूरकर टॉकीजचा सांगतो. सुवर्णकमळाच्या नावाचा चौक मी अजून कुठे पाहिला नाही. सर क्षणभर थांबले. तो थांबा बरोबर एक सेकंदाचा होता. मग रिक्षात बसता बसता म्हणाले, "उद्या सकाळी फिरायला येताय ना? म्हटलं, एकदा तर्री टाकून बघावी."